पालवीवरच्या अळ्या: वसंतात फुलपाखरांच्या अळ्या कशा शोधाव्यात आणि कशा न्याहाळाव्यात

अळ्या बघायला निघालेला माणूस झाडीत शिरून अळीच शोधत बसतो, आणि तासाभराने हात हलवत परततो. हिरव्या पानावर पानाच्याच रंगाचा बोटाच्या पेराएवढा जीव सहज दिसत नाही. ज्या पक्ष्यांचं पोट त्यावर चालतं, त्यांनाही तो शोधावाच लागतो. म्हणून आधी झाड शोधायचं, मग कोवळं पान, मग पानावरची खूण. अळी सगळ्यात शेवटी सापडते.

सुरुवातीलाच एक शब्द नीट लावून घेऊ. मराठीत आपण सर्रास ‘सुरवंट’ म्हणतो, पण त्या शब्दाने डोळ्यांपुढे येतो तो केसाळ, खाजरा प्राणी. असे दाट केसांचे सुरवंट जवळजवळ सगळे पतंगांचे असतात. फुलपाखरांच्या अळ्या बहुतेक गुळगुळीत असतात, काहींना मांसल शिंगं असतात, काहींना फांद्या फुटलेले काटे. अंगभर लोकरीसारखे केस दिसले तर तुम्ही बहुधा दुसऱ्याच घराचं दार ठोठावताय. त्याला हात लावू नका.

आधी झाड

फुलपाखराची मादी कुठल्याही पानावर अंडी घालत नाही. बहुतेक जातींची खाद्य वनस्पती ठरलेली असते. एक झाड, किंवा एकाच कुळातली चार-दोन. म्हणजे झाड ओळखता आलं की निम्मी अळी सापडली. नवख्या माणसाने पाच-सहा झाडं पक्की करावीत आणि वर्षभर त्यांचाच पिच्छा पुरवावा. पन्नास झाडांची यादी पाठ करून काही साधत नाही.

लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही पहिली शाळा. यांवर लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं अंडी घालतात. रुईवर प्लेन टायगर. कण्हेरीवर कॉमन क्रो. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. आंब्यावर कॉमन बॅरन, एरंडावर कॉमन कॅस्टर, पानफुटीवर रेड पिएरो, सीताफळावर आणि उंच वाढणाऱ्या आसुपालवावर टेल्ड जे. कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कॉस्टरच्या काटेरी अळ्या थव्याने बसलेल्या दिसतात. गवतावर आणि बांबूवर ब्राऊन गटातल्या अळ्या असतात, पण त्या शोधणं जिकिरीचं. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

थंड प्रदेशात झाडं बदलतात, हिशेब तोच राहतो. तिथे नेटल या खाजऱ्या झुडपाच्या शेंड्यांवर रेशमी जाळं दिसलं की आत पीकॉक किंवा स्मॉल टॉर्टॉईजशेलच्या काळ्या अळ्यांचा घोळका निघतो. मोहरीच्या कुळातल्या रानझाडांच्या कळ्यांखाली ऑरेंज टिपचं एकेकटं नारिंगी अंडं असतं.

वसंतातच का

कोवळ्या पानात पाणी आणि नत्र जास्त असतं आणि ते मऊ असतं. नुकत्या बाहेर पडलेल्या, दोन-तीन मिलिमीटरच्या अळीच्या जबड्यांना जून पान फोडता येत नाही. त्यामुळे मादी नवी पालवी हेरत फिरते. जिथे पाऊस ठराविक महिन्यांतच पडतो, तिथे अळ्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा. वसंतात संख्या कमीच. तरीही शिकायला वसंत बरा. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं आणि नजर भिरभिरते. वसंतात आजूबाजूचं बरंच रान सुकलेलं असतं आणि मोजकीच झाडं फुटलेली असतात. फुलपाखरं त्या मोजक्या झाडांवर येतात, तुम्हीही तिथेच जायचं. एका झाडाची पालवी कोवळी राहते ती जेमतेम दोन-तीन आठवडे, म्हणून लालसर कोंब दिसल्या दिवसापासून फेऱ्या सुरू करा.

थंड प्रदेशात कारण वेगळं असतं. तिथे कित्येक जाती अळीच्याच रूपात हिवाळा काढतात आणि पहिल्या उन्हाबरोबर बाहेर येतात. मार्श फ्रिटिलरी या फुलपाखराच्या काळ्या अळ्या वसंताच्या तोंडाशी वाळक्या गवतावर एकमेकींना चिकटून ऊन खात बसतात. काळा रंग ऊन शोषतो आणि हवा गार असतानाही त्यांचं पचन चालू होतं.

वेळेचा हिशेबही त्यामुळे उलटा होतो. उष्ण प्रदेशात सकाळी सात ते दहा उत्तम. दुपारी अळ्या पानामागे किंवा सावलीत सरकतात. थंड प्रदेशात ऊन चढल्यावरच निघा, आधी गेलात तर हाती काही लागणार नाही. गवत खाणाऱ्या बऱ्याच अळ्या दोन्हीकडे अंधार पडल्यावर पात्यांवर चढतात.

बरोबर काय घ्यावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, वही आणि शिसपेन्सिल (शाईचं पेन दवात दगा देतं), पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद, खुणेसाठी रंगीत सुतळी आणि फोन किंवा कॅमेरा. रात्री जाणार असाल तर साधी बॅटरी. अतिनील बॅटरी असेल तर बहार; ३६५ ते ३९५ नॅनोमीटरच्या प्रकाशात कित्येक अळ्या फिक्या हिरवट-निळ्या चमकतात आणि पानं काळपट राहतात. सगळ्या चमकत नाहीत, आणि काही कोळी व बुरशाही चमकतात, म्हणून चमकलं ते अळीच असं धरू नका. हा प्रकाश कुणाच्याही डोळ्यांवर, अगदी स्वतःच्याही, पडू देऊ नका.

डबी, बरणी, जाळी यांपैकी काहीही नेऊ नका. डबी हाताशी असली की अळी घरी येतेच, आणि मग निरीक्षण संपून पाळणं सुरू होतं. ती विद्या वेगळी.

शोधण्याची रीत

झाडाजवळ गेल्या गेल्या फांदी ओढू नका. धक्का बसताच काही अळ्या धाग्याला लोंबकळत खाली उतरतात, काही सरळ पडतात. दोन पावलं लांब उभं राहून दोन मिनिटं नुसतं बघा. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीतले शेंडे पुरेसे आहेत. छोटी, एकटी उभी असलेली रोपं भल्यामोठ्या झाडापेक्षा बरी. माद्यांनाही ती आवडतात आणि तुम्हालाही ती पूर्ण तपासता येतात.

आता खाल्लेलं पान शोधा. अळी बहुधा कडेने खात आत जाते आणि गोलसर खाच पाडते. पानाच्या मधोमध विखुरलेली बारीक भोकं बऱ्याचदा भुंग्यांची असतात. अगदी कंपासने कापल्यासारखा गोल तुकडा गेला असेल तर ती पान कापणारी मधमाशी. चकाकता वाळलेला चिकट माग असेल तर गोगलगाय. खाचेची कड हिरवी आणि ओली असेल तर खाणारी तिथेच कुठेतरी आहे. तपकिरी, वाळलेली असेल तर जेवण उरकून बरेच दिवस झालेत.

खाचेपेक्षाही भरवशाची खूण म्हणजे लेंड्या. खालच्या पानांवर काळसर-हिरवे दाणे पडलेले दिसले तर एक दाणा कागदावर घेऊन बोटाने दाबा. ओला, मऊ, हिरवा निघाला तर आजचा. भुगा झाला तर जुना. मोठ्या अळीची लेंडी मिरीच्या दाण्याएवढी असू शकते आणि भिंगातून तिच्यावर उभ्या खाचा दिसतात. दाणा सापडला की नजर सरळ वर न्या, दोन-तीन पानांच्या थरांत अळी असतेच असते.

मग पानाची खालची बाजू. पान उलटू नका, तुम्हीच खाली वाका. ऊन पाठीमागून येत असेल तर पान काचेसारखं दिसतं आणि त्यावरच्या अळीची सावली स्पष्ट उमटते. ही एकच युक्ती शिकलात तरी सापडणाऱ्या अळ्यांची संख्या दुप्पट होईल.

काही घरं झाकलेली असतात. पान कडेने दुमडून रेशमाच्या टाक्यांनी शिवलेलं असेल तर आत स्किपर गटातल्या फुलपाखराची अळी असू शकते. तशीच घडी काही पतंगांच्या अळ्या आणि कोळीही करतात. घडी उकलायची नाही, प्रकाशासमोर धरून आत बघायचं. पानफुटीच्या जाड पानात फिकट डाग दिसला आणि आत काळे दाणे विखुरलेले दिसले तर रेड पिएरोची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून गर खातेय. करंज-पळसाच्या कळ्यांवर मुंग्या एकाच जागी घुटमळताना दिसल्या तर तिथे भिंग लावा. ब्लू नावाच्या फुलपाखरांच्या गटातल्या अनेक अळ्या मुंग्यांना गोड द्राव देतात आणि मुंग्या त्यांच्याभोवती पहारा करतात. ही अळी चपटी, गोगलगायीसारखी, कळीच्याच रंगाची असते. मुंग्यांशिवाय ती सापडणं कठीण.

आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे मादीच्या मागे जाणं. फुलांकडे ढुंकूनही न बघता पानापानाला शिवत, जराशी टेकून लगेच उठणारं फुलपाखरू दिसलं की थांबा. ती पुढच्या पायांनी पान चाखतेय. तिच्या पायांवर चव ओळखणारी इंद्रियं असतात. पोट वळवून पानाला टेकवलं की अंडं पडलं. ती उडून गेल्यावर त्याच पानावर बघा: लिंबावर मोत्यासारखं फिकट पिवळं गोल अंडं, जेमतेम मिलिमीटरभर, बहाव्यावर उभं ठेवलेल्या तांदळाच्या कणीसारखं लांबट, पांढरं.

आंब्यावरच्या बॅरनची गंमत

एक अळी मुद्दाम सावकाश बघण्यासारखी आहे. आंब्याच्या पानावर वरच्या बाजूला, मधल्या शिरेवर ती लांबट होऊन बसते. अंग पानासारखं हिरवं आणि पाठीवरून एक फिकट पिवळसर रेघ, डोक्यापासून शेपटापर्यंत. ही रेघ पानाच्या शिरेशी अशी जुळते की शीर सलग चालू आहे असंच वाटतं. दोन्ही अंगांना पिसांसारखे लांब, हिरवे, फाटे फुटलेले काटे असतात आणि ती ते पानावर सपाट पसरून ठेवते. त्यामुळे तिची सावलीच पडत नाही, आणि सावली नाही म्हणजे कड नाही. तिला शोधायचं तर पानं मोजत बसू नका, शिरा तपासा. जी शीर मध्येच जराशी जाड वाटेल तिथे थांबा. ती सरळ रेषेत बसलेली नसेल तर समजा की नुकतीच खाऊन परततेय. थोड्या वेळात पुन्हा शिरेवर येऊन रेघ जुळवेल.

ही फुलपाखराचीच का?

पाय मोजा. छातीशी सांध्यांचे तीन जोड खरे पाय, मग पोटाखाली मांसल खोट्या पायांचे चार जोड आणि शेवटी एक जोड, असे खोट्या पायांचे एकूण पाच. सहा किंवा जास्त जोड भरले तर ती अळी फुलपाखराची नाही आणि पतंगाचीही नाही. ती सॉफ्लायची, म्हणजे मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातली. शेवटच्या जोडीखेरीज मध्ये एकच जोड असेल आणि अळी कमान करत चालत असेल तर भूमापक पतंग. पाच जोड भरले तरी पतंगाची शक्यता उरतेच, कारण बहुतेक पतंगांच्या अळ्यांनाही तेवढेच असतात. तिथे पुन्हा झाड आणि पुस्तकातलं चित्र हाच आधार.

लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर हलक्या गवताच्या काडीने एकदाच, फक्त एकदाच, पाठीला स्पर्श करा. डोक्यामागून लालसर-नारिंगी दुभंगलेलं इंद्रिय, ऑस्मेटेरियम, बाहेर आलं आणि उग्र वास सुटला तर ती स्वॅलोटेल कुळातली, म्हणजे लाईम बटरफ्लाय आणि मॉर्मनच्या घराण्यातली. यात तिची शक्ती खर्च होते, म्हणून मुलांना दाखवायच्या नादात हा प्रयोग पुन्हा पुन्हा करू नये. रुईवरच्या पट्टेरी अळीला मांसल शिंगांच्या तीन जोड्या असतील तर प्लेन टायगर. हिरणदोडीच्या वेलावर दोन जोड्यांची दिसली तर ब्लू टायगर, आणि कण्हेरीवर चार जोड्यांची असेल तर कॉमन क्रो.

रोज त्याच पानाकडे

एका दिवसात वीस अळ्या बघण्यापेक्षा एकच अळी वीस दिवस बघा. फांदीच्या बुडाशी सुतळी सैल बांधा. पानाला किंवा देठाला बांधू नका, पान वाळतं, शिवाय पक्ष्यांनाही पत्ता मिळतो. रोज साधारण एकाच वेळी जा आणि वहीत लिहा: तारीख, वेळ, झाड, पान कोवळं की जून, जमिनीपासून उंची, अळीची लांबी, ती खातेय की बसलीय, आणि सोबत कोण आहे. लांबी मोजताना पट्टी पानाशेजारी धरा, अळीवर टेकवू नका. ती आखडलेली असेल तर पसरेपर्यंत थांबा.

बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या चार वेळा कात टाकतात, म्हणजे पाच अवस्था होतात. गरम हवेत लिंबावरची अळी दोन-अडीच आठवड्यांत हा सगळा प्रवास उरकते, गारव्यात जास्त दिवस लागतात. पहिल्या चार अवस्थांत ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसते, पाचवीत एकदम हिरवी होते, खांद्यावर डोळ्यांसारखे ठिपके येतात. नवख्याला वाटतं, जुनी अळी गेली आणि दुसरीच आली.

अवस्था ओळखायला लांबी फसवी असते, कारण पोट भरलेली अळी फुगते. डोक्याचं कवच मात्र दोन कातींच्या मध्ये वाढत नाही. हॅरिसन डायर या कीटकशास्त्रज्ञाने १८९० मध्ये दाखवून दिलं की दर कातीला डोक्याची रुंदी साधारण एकाच प्रमाणात वाढते. बऱ्याच जातींत ते प्रमाण १.४ च्या आसपास येतं. टाकलेलं डोक्याचं कवच पानावर काळ्या टिकलीसारखं सापडतं. ते कागदात जपून ठेवा, तारखेसह.

कात टाकायच्या आधी अळी जवळजवळ दिवसभर हलत नाही, खात नाही. डोकं अंगाच्या मानाने लहान वाटू लागतं आणि त्याच्या मागे मान सुजल्यासारखी दिसते. तिथे नवं डोकं तयार होत असतं. ‘मेली वाटतं’ म्हणून लोक तिला ढोसतात ते नेमकं याच वेळी. तिने पाय रेशमाच्या गादीत अडकवलेले असतात. ओढलं तर पाय फाटतात किंवा कात अर्धवट अडकून ती मरते.

रुईवर बसलात तर जेवणाआधीची तयारी बघायला मिळेल. प्लेन टायगरची लहान अळी पानात अर्धगोल चर खणते, मोठी अळी सरळ शीर किंवा देठ कुरतडते. चीक तिथेच गळून जातो आणि पुढचं पान बिनधास्त खाता येतं. मान टाकलेलं पान दिसलं की तिथे बघा. पण तो चीक तुमच्या डोळ्यांत जाता कामा नये, बुबुळाला गंभीर इजा होते. रुई हाताळल्यावर हात साबणाने धुवा. कण्हेरीचा रसही विषारी आहे, तिथेही तीच काळजी.

फोटो काढताना पाठ, बाजू आणि डोकं असे तीन कोन घ्या आणि चौथा फोटो झाडाच्या फांदीचा. झाडाच्या फोटोशिवाय कित्येक अळ्यांची ओळख पटत नाही. दुर्मीळ जात असेल तर आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना नेमकी जागा झाकून ठेवा.

काय बिघडतं

पहिली गोष्ट, अळी नाहीशी होते. बहुतेक वेळा ती पक्ष्याने, कोळ्याने किंवा गांधीलमाशीने नेलेली असते. बहुतेक अळ्यांचा शेवट असाच होतो, तेव्हा एकाच अळीवर जीव न लावता तीन-चारांवर खूण ठेवा.

अळीच्या अंगाबाहेर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे-पिवळे कोष चिकटलेले दिसले तर ती तिची अंडी नव्हेत. परजीवी गांधीलमाशीच्या अळ्या आतून पोसून बाहेर आल्यात आणि त्यांनी ते विणलेत. अळी आता वाचत नाही. कोष खरवडू नका. तेही त्या झाडावरचे रहिवासीच. कातडीवर, बहुधा डोक्याजवळ, एखादा चिकट पांढरा दाणा असेल तर ते परजीवी माशीचं अंडं असू शकतं. अळी शेंड्याकडे चढून मऊ, काळपट होऊन लोंबत असेल आणि त्यातून पाणी गळत असेल तर विषाणूचा रोग. तिला हात लावू नका, आणि चुकून लावलात तर हात धुतल्याशिवाय पुढच्या झाडाला शिवू नका.

उरलेले बिघाड आपल्याच हातचे. फांदी ओढणं, पान तोडून जवळ आणणं, भिंगासोबत तोंडही इतकं जवळ नेणं की श्वास लागून अळी आखडून बसेल. झाड छाटलं जाणारच असेल तर अळीला उचलू नका. तिच्यासकट पान कापून त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाच्या पानाला टेकवून अडकवा. पान सुकू लागलं की ती स्वतःच पलीकडे जाते. केसाळ सुरवंटाचे केस टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा. डोळ्यात गेले तर थेट डॉक्टर.

कोष आणि त्यानंतर

पाचव्या अवस्थेच्या शेवटी अळी खाणं थांबवते, एक ओलसर, पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून चालू लागते. कधी शेजारची फांदी, कधी कित्येक पावलांवरची भिंत. इथे बहुतेकांचा माग तुटतो. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या मारा आणि झाडाभोवतीचे दगड, कुंपण, वाळक्या काड्या खालच्या बाजूने तपासा. लिंबावरची अळी कमरेभोवती रेशमाचा पट्टा घेऊन तिरकी टेकते, टायगर आणि क्रो उलट्या लटकतात. लटकलेली अळी इंग्रजी जे अक्षरासारखी वाकते आणि साधारण दिवसभरात कोष होतो. कात वर सरकताना बघायची असेल तर अंग सरळ होऊ लागल्यावर जागचं हलू नका, पुढचं सगळं काही मिनिटांत उरकतं.

कोष गडद होऊन आतले पंखांचे रंग दिसू लागले की दुसऱ्या सकाळी लवकर पोचा. उशीर झालाच तर रिकामं कवच तरी तपासा. डोक्याच्या बाजूने चिरलेलं पातळ कवच आणि खालच्या पानावर लालसर थेंब वाळलेले असतील तर फुलपाखरू बाहेर पडून पंख वाळवून गेलं. कवच अखंड आणि कडेला एक नीटस गोल भोक असेल तर बाहेर पडली ती गांधीलमाशी. वहीत तेही तारखेसह लिहा.